किराणा दुकानातले थंड कपाट : बर्फाच्या जहाजापासून कोरपन्यापर्यंत

आपल्या भागातले किराणा दुकान पूर्वी कसे असायचे ते आठवून पाहा. तांदूळ, तूरडाळ, गूळ, मीठ, तेलाचे पिंप, चहापत्ती, बिस्किटे, साबण. या यादीत एक गोष्ट समान आहे. यातली कोणतीही वस्तू मे महिन्याच्या उन्हात दुकानात पडून राहिली, तरी एका दिवसात नासत नाही. म्हणजे दुकानात काय विकायचे, हे दुकानदाराइतकेच आपले ऊनही ठरवत होते.

आता कोरपना, गडचांदूर किंवा नांदा फाट्यावरच्या दुकानात जा. काउंटरशेजारी काचेच्या दाराचे, आत दिवा लागलेले एक उभे कपाट दिसते. त्यात दुधाच्या पिशव्या, दही, ताक, पनीर, लोणी आणि शीतपेये असतात. शेजारी आइस्क्रीमचा आडवा डीप फ्रीझर. दुकानदार त्याला ‘कूलर’, ‘फ्रिज’ किंवा कंपनीचा माणूस म्हणतो तसे ‘व्हिसी कूलर’ म्हणतो.

तुम्ही म्हणाल, डॉक्टरांना किराणा दुकानातल्या कपाटाशी काय करायचे आहे? खूप काही. हे कपाट आल्या दिवसापासून ते दुकान एक आरोग्याची जबाबदारी घेऊन बसले आहे. बहुतेक वेळा ना दुकानदाराला तिची कल्पना असते, ना गिऱ्हाइकाला. ती समजण्यासाठी हे कपाट इथपर्यंत कसे पोहोचले, ते आधी पाहू. गोष्ट मोठी रंजक आहे आणि तिच्यात डॉक्टरही आहेत.

फ्रिज नव्हता तेव्हा

अन्न टिकवण्याची गरज माणसाला नेहमीच होती. आपल्याकडे त्याचे उत्तर होते वाळवण. उन्हाळ्यात अंगणात खाटेवर पसरलेल्या कुरडया, पापड, मूगवड्या आणि सांडगे. जंगलपट्ट्यात वाळवलेली मोहफुले, बाजारात सुकट आणि सुके बोंबील. लोणची मीठ, तेल आणि आंबटपणावर टिकतात. दुधाचे दही, दह्याचे ताक, लोण्याचे तूप.

यामागचे विज्ञान सोपे आहे. जंतूंना वाढायला पाणी, ऊब आणि वेळ लागतो. वाळवले की पाणी जाते. भरपूर मीठ किंवा साखर घातली की आहे ते पाणी जंतूंना वापरता येत नाही. आंबवले की आम्ल बहुतेक वाईट जंतूंना वाढू देत नाही. आपल्या आज्यांनी ‘बॅक्टेरिया’ हा शब्द ऐकला नव्हता, पण ‘शिळे खाऊ नये’ हा नियम त्यांनी कडक पाळला. उरलेच तर ते कोणत्या भांड्यात आणि किती वेळ ठेवायचे, हे त्यांना ठाऊक होते.

थंडी मिळवण्याचा उपायही आपल्याकडे होता, तो म्हणजे माठ. मातीच्या छिद्रांतून पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि उडताना उरलेल्या पाण्यातली उष्णता घेऊन जाते. विदर्भात घरोघरी चालणारा वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर याच तत्त्वावर चालतो. हे तत्त्व लक्षात ठेवा, कारण फ्रिजही मुळात तेच करतो.

मुघल काळात सोऱ्याच्या पाण्याने पिण्याचे पाणी थंड करत आणि उत्तरेच्या डोंगरांतला बर्फ लाहोरला आणत, अशी नोंद अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त आहे. अलाहाबादकडे तर थंडीच्या रात्री उघड्या मैदानात गवतावर मातीची उथळ भांडी मांडून बर्फ तयार करत. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ मध्ये त्याचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले होते. पण ही थंडी राजेरजवाड्यांपुरती आणि थोड्या दिवसांपुरती होती.

बर्फ बोटीतून आला

१८३३ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनहून ‘टस्कनी’ नावाचे जहाज कोलकात्याला आले. त्यात होता तळ्यातून कापलेला बर्फ. फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याची ही कल्पना. निघताना साधारण १८० टन बर्फ होता. चार महिन्यांचा प्रवास आणि दोनदा विषुववृत्त ओलांडूनही त्यातला निम्म्याहून अधिक शिल्लक राहिला होता. हे साधले ते लाकडाच्या भुशामुळे. भुसा बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. आजच्या फ्रिजच्या भिंतीत भरलेला फोम तेच काम करतो.

पुढच्याच वर्षी, १८३४ मध्ये, असा बर्फ मुंबईत उतरला. जहांगीर नसरवानजी वाडिया यांच्या पेढीने तो मागवला होता. पुढे मुंबईत तो साठवण्यासाठी बर्फघर बांधले गेले. ते आज उभे नाही, पण चेन्नईचे तसेच ‘आइस हाउस’ अजून आहे. स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते, म्हणून आता ते त्यांच्या नावाने ओळखले जाते.

त्या काळातली एक गोष्ट मुंबईच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. सर जमशेटजी जीजीभाय यांनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिले, नंतर यजमान आणि पाहुणे सर्दीने आजारी पडले आणि गुजराती वर्तमानपत्राने त्यावर टोमणा मारला. डॉक्टर म्हणून एवढेच सांगतो की सर्दी विषाणूंमुळे होते. थंड खाल्ल्याने घसा थोडा वेळ चरचरू शकतो, पण आइस्क्रीममधून सर्दीचा विषाणू जन्माला येत नाही. हा गैरसमज आपल्याकडे जवळजवळ दोनशे वर्षे जुना आहे!

यंत्राच्या मागे दोन डॉक्टर

अठराव्या शतकाच्या मध्यात स्कॉटलंडमधले विल्यम कलन या वैद्यकशास्त्राच्या प्राध्यापकांनी एक प्रयोग केला. इथर हा चटकन उडणारा द्रव भांड्यात ठेवून त्यांनी पंपाने हवा काढून घेतली. इथर भराभर उडाले, आजूबाजूची उष्णता घेऊन गेले आणि थोडासा बर्फ तयार झाला. माठाचेच तत्त्व, फक्त पाण्याऐवजी इथर.

अडचण अशी, की इथर उडून गेले की खेळ संपला. १८३४ मध्ये, म्हणजे मुंबईत बर्फ उतरला त्याच वर्षी, जेकब पर्किन्स यांनी लंडनमध्ये एका यंत्राचे पेटंट घेतले. उडालेली वाफ पंपाने दाबायची, तिची उष्णता बाहेर सोडायची, पुन्हा द्रव करायचा आणि पुन्हा उडू द्यायचा, असे ते चक्र होते. तुमच्या घरच्या फ्रिजमध्ये गुरगुरणारा कॉम्प्रेसर आजही हेच करतो. फ्रिज ‘थंडी तयार’ करत नाही. आतली उष्णता उचलून मागच्या जाळीतून बाहेर फेकतो. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, पुढे कोरपन्याच्या दुकानात ते कामाला येणार आहे.

दुसरे डॉक्टर जॉन गॉरी. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, ॲपलाचिकोला या दमट बंदरगावात ते हिवताप आणि पीतज्वराचे रुग्ण पाहत. हे ताप डासांमुळे पसरतात हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हते. उष्ण, दूषित हवेतून रोग होतो असा समज होता. तापाच्या रुग्णांची खोली थंड ठेवावी म्हणून गॉरींनी बर्फ करणारे यंत्र बनवले आणि १८५१ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. पैसा उभा राहिला नाही, बर्फाच्या व्यापाऱ्यांना ते नकोच होते, आणि १८५५ मध्ये ते विपन्नावस्थेत वारले. आज अमेरिकेच्या संसद भवनात फ्लोरिडातर्फे त्यांचा पुतळा आहे. रोगाचे कारण चुकीचे समजलेल्या डॉक्टरने जगाला एक अत्यंत उपयोगी यंत्र दिले, असे इतिहासात कधी कधी घडते.

विषारी वायूपासून ओझोनपर्यंत

सुरुवातीच्या यंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड आणि मिथाइल क्लोराइड हे वायू वापरत. बर्फाच्या कारखान्यात ते चालून जायचे, पण घरात आणि दुकानात गळती झाली की माणसे मरत. १९२० च्या दशकात शिकागोमध्ये मिथाइल क्लोराइडच्या विषबाधेने मृत्यू झाले. त्याच काळात अल्बर्ट आइन्स्टाइन यांनीसुद्धा लिओ झिलार्ड यांच्याबरोबर सुरक्षित फ्रिजची रचना करून तिचे पेटंट घेतले होते. तो फ्रिज बाजारात मात्र आला नाही.

उत्तर सापडले ते थॉमस मिजली यांच्या फ्रिऑनमध्ये. १९३० मध्ये त्यांनी शास्त्रज्ञांसमोर तो वायू छातीत भरून घेतला आणि त्याच श्वासाने मेणबत्ती विझवून दाखवली. विषारी नाही आणि पेटतही नाही! त्यानंतर फ्रिज घरोघरी गेला. पण १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी इशारा दिला की असे वायू वर जाऊन ओझोनचा थर खातात. ओझोन पातळ झाला की अतिनील किरण वाढतात, आणि त्वचेचा कर्करोग व मोतीबिंदू यांचा धोका वाढतो. १९८७ च्या माँट्रियल कराराने हे वायू टप्प्याटप्प्याने बंद झाले. आजच्या बऱ्याच लहान कूलरमध्ये प्रोपेन किंवा आयसोब्युटेन असते. ओझोनला ते निर्धोक आहे, पण ज्वलनशील आहे. म्हणून गॅस भरणे किंवा नळी जोडणे हे काम प्रशिक्षित मेकॅनिककडूनच करून घ्यावे.

दुकानातले पहिले कपाट

आता मुख्य मुद्दा. थंड यंत्र होते, पण ते दुकानात गिऱ्हाइकासमोर कसे आले?

क्लेरन्स बर्ड्सआय हा अमेरिकन माणूस कॅनडातल्या लॅब्राडोरच्या बर्फाळ प्रदेशात राहिला होता. तिथले मूळ रहिवासी मासे पकडताच ते कडाक्याच्या थंडीत क्षणात गोठत आणि कित्येक महिन्यांनी शिजवले तरी ताज्यासारखे लागत. त्याने कारण शोधले. हळूहळू गोठवले की पाण्याचे मोठे स्फटिक बनतात आणि पेशी फाडतात. झटपट गोठवले की स्फटिक बारीक राहतात. त्याने झटपट गोठवण्याचे यंत्र बनवले.

पण माल विकणार कुठे? दुकानात तो ठेवायला जागाच नव्हती. ६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड शहरातल्या १८ दुकानांत गोठवलेले मटण, मासे, मटार, पालक विक्रीला आले. त्यासाठी कंपनीने दुकानांना थंड कपाटे पुरवली, कारण एवढे महाग कपाट दुकानदार स्वतः घेणार नव्हता. पुढे स्वस्त कपाटे भाड्याने देण्यात आली आणि मग हा धंदा पसरला.

आपल्याकडच्या दुकानदारांना यात ओळखीचे काही दिसेल. शीतपेय किंवा आइस्क्रीमची कंपनी कूलर देते आणि त्यात आपलाच माल ठेवायची अट घालते. ही पद्धत जवळजवळ शंभर वर्षांची आहे. कपाट दुकानदाराच्या गरजेतून आले नाही, माल बनवणाऱ्याच्या गरजेतून आले. म्हणूनच शीतपेयाची बाटली नीट दिसण्यासाठी बनवलेल्या कपाटात आपण दूध आणि पनीर ठेवतो, तेव्हा थोडे थांबून विचार करावा लागतो. शीतपेय १२ अंशांवर राहिले तर फार तर चव बिघडते. पनीर १२ अंशांवर राहिले तर पोट बिघडते.

महाराष्ट्रात आणि आपल्या तालुक्यात

आपल्याकडे थंडीची साखळी दुधाच्या मागून आली. १९४५ मध्ये मुंबई दूध योजनेसाठी गुजरातेतल्या आणंदहून चारशेहून अधिक किलोमीटरवरून मुंबईला दूध येऊ लागले. १९४९ मध्ये गोरेगावला आरे कॉलनी सुरू झाली आणि पाश्चरीकृत, थंड दूध बाटल्यांतून शहरात मिळू लागले. १९७० मध्ये ‘ऑपरेशन फ्लड’ सुरू झाल्यावर शीतकरण केंद्रे देशभर उभी राहिली. गोदरेजने १९५८ मध्ये भारतात फ्रिज बनवायला सुरुवात केली, पण पुढची कित्येक वर्षे तो श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली वस्तू होती.

कोरपन्याचा भाग तेव्हा कुठे होता? हा सगळा परिसर जुन्या राजुरा तालुक्यातला. राजुरा निजामाच्या हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ मध्ये भाषावार पुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याला जोडला गेला. कापूस, ज्वारी, जंगल आणि डोंगरावरच्या कोलाम व गोंड वस्त्या. ऐंशीच्या दशकात आवारपूर आणि गडचांदूरला सिमेंट कारखाने आले. बाहेरगावचे कामगार आले, महिन्याचा पगार आला, वसाहती आल्या आणि पिशवीच्या दुधाला गिऱ्हाईक मिळाले.

वीज मात्र बेभरवशाची होती. चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र राज्यातल्या सर्वांत मोठ्या वीज केंद्रांपैकी एक, आणि त्याच जिल्ह्यातल्या खेड्यांनी भारनियमनाचे लांबलचक तास सोसले. भारनियमन कमी झाले आणि मगच काचेचे कपाट तालुक्याच्या दुकानांत टिकू लागले.

थंडीने आरोग्याला काय दिले

फ्रिजला नावे ठेवण्याची फॅशन आहे, म्हणून हे ठामपणे सांगतो की थंडीने माणसाचे आयुष्य वाढवले.

एक उदाहरण जठराच्या कर्करोगाचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत तो आघाडीवर होता. पुढे त्याचे प्रमाण सतत घसरत गेले, तेही कोणतेही खास औषध न येता. अन्न टिकवण्यासाठी भरपूर मीठ आणि धूर वापरणे कमी झाले, ताजी फळे व भाज्या वर्षभर मिळू लागल्या आणि जठरातल्या हेलिकोबॅक्टर जंतूचा संसर्ग घटला, ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. पहिल्या दोन कारणांमागे फ्रिज आहे.

दुसरे उदाहरण लसींचे. भारतात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला. तो चालतो प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या खास फ्रिजवर. त्याला आयएलआर म्हणतात. त्याच्या भिंतीत बर्फाचे अस्तर असते, त्यामुळे वीज गेली तरी तो बराच वेळ थंड राहतो. तिथून आशाताई आणि नर्सताई लसीच्या डब्यातून पाड्यांवर लस नेतात. १३ जानेवारी २०११ नंतर भारतात पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा एकही रुग्ण सापडलेला नाही. ते यश जितके लसीचे, तितकेच या थंड डब्यांचे आहे.

पण थंडी जंतूंना मारत नाही

या लेखातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच. फ्रिज जंतूंना झोपवतो, मारत नाही.

अनुकूल उबेत काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. एका जंतूचे सहा तासांत अडीच लाखांहून जास्त होतात. ५ अंशांखाली हीच वाढ अगदी मंद होते. उणे १८ अंशांवर ती थांबते. बाहेर काढले की पुन्हा सुरू.

आता तीन गोष्टी समजून घ्या.

पहिली, काही जंतू अन्नात विष सोडतात आणि ते विष उकळूनही जात नाही. हातावरच्या जखमेतला स्टॅफिलोकॉकस आणि उरलेल्या भातात वाढणारा बॅसिलस सिरियस ही त्याची उदाहरणे. ‘पुन्हा गरम केले होते’ हे म्हणूनच पुरेसे नसते.

दुसरी, लिस्टेरियासारखे काही जंतू फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतात. गरोदर बाईला त्याचा संसर्ग झाला तर गर्भपात होऊ शकतो. गरोदरपणात कच्चे दूध आणि त्यापासून केलेले पदार्थ टाळावेत, ते यासाठी.

तिसरी, वितळलेले आइस्क्रीम पुन्हा गोठवले की दिसायला घट्ट होते, पण मधल्या काळात वाढलेले जंतू तसेच राहतात. कपात एका बाजूला घसरून गोठलेले, बर्फाचे खडे लागणारे आइस्क्रीम घेऊ नका. ते एकदा वितळून गेलेले आहे.

४७ अंशांत कपाट : दुकानदार बंधूंसाठी

फ्रिज आतली उष्णता बाहेर फेकतो, हे वर सांगितले. बाहेरच आग असेल तर तो ती कुठे फेकणार? उष्ण प्रदेशासाठीच्या ‘टी’ वर्गाचे घरगुती फ्रिज ४३ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या पुढे जातो, आणि पत्र्याखालच्या दुकानात त्याहूनही जास्त. म्हणजे मे महिन्यात तुमचे कपाट त्याच्या ताकदीबाहेरचे काम करत असते. त्याला मदत करा.

– कपाट उन्हाच्या झोताबाहेर ठेवा. मागे आणि बाजूला हवा खेळायला जागा सोडा. जाळीवर साचलेली धूळ नियमित साफ करा. सिमेंटपट्ट्यात ती लवकर साचते.
– घेण्याआधी विचारा, हे यंत्र किती अंशांच्या हवेत चालायला बनवले आहे? कंपनीने दिले म्हणून दुधासाठी योग्य असेलच, असे नाही.
– आत एक साधा थर्मामीटर ठेवा आणि सकाळ-दुपार आकडा पाहा. थंड माल ५ अंश किंवा कमी, गोठवलेला माल उणे १८ अंश किंवा कमी, हे लक्ष्य. बाटलीला हात लावून थंड वाटणे हे मोजमाप नव्हे.
– बिल वाचवण्यासाठी रात्री बटण बंद करू नका. रात्रभरात दूध-दही कोमट होते आणि सकाळी पुन्हा थंड होते. गिऱ्हाइकाला फरक दिसत नाही. त्याच्या लेकराच्या पोटाला कळतो.
– कपाट ठासून भरू नका. आतली थंड हवा फिरली पाहिजे.
– कच्चे मटण किंवा मासे दूध-दह्याच्या कपाटात ठेवूच नका.
– स्टॅबिलायझर आणि अर्थिंग हवेच. पावसाळ्यात ओल्या जमिनीवरच्या लोखंडी कपाटाचा शॉक जिवावर बेततो.

वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास थंडी धरतो, गच्च भरलेला डीप फ्रीझर एक-दोन दिवस. हे आकडे साध्या हवामानातले आहेत. आपल्या उन्हाळ्यात, काचेच्या दाराच्या कपाटात, त्याहून कमीच धरा.

गिऱ्हाइकाने काय पाहावे

थंड वस्तू खरेदीच्या शेवटी घ्या. आठवडी बाजार, बँक, तहसील ही कामे उरकून मग दूध घ्या, आधी नाही. एरवी नासणारे अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू नये म्हणतात; हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत दिवसा एकच तास समजा. लांबच्या गावाला जायचे असेल तर ओल्या कापडात गुंडाळून न्या.

फुगलेली दुधाची पिशवी, फुगलेले ताकाचे पाकीट, चिकट पनीर घेऊ नका. तारीख पाहा, पण तारखेवरच विसंबू नका. ती तारीख ‘थंड ठेवले असेल तर’ या अटीवर छापलेली असते. घरी फ्रिज नसेल तर पिशवीतले दूध आणल्याबरोबर उकळा आणि त्याच दिवशी संपवा. यूएचटी प्रक्रियेचे खोक्यातले दूध फोडेपर्यंत बाहेर टिकते. फोडल्यावर तेही साध्या दुधासारखेच.

औषधे आणि फ्रिज

हा प्रश्न मला रुग्ण नेहमी विचारतात. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे. बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही. एकदा गोठलेले इन्सुलिन फेकून द्यावे. वापरात असलेली बाटली किंवा पेन साधारण चार आठवडे २५ ते ३० अंशांखाली चालते, नेमके दिवस पाकिटावर पाहा. आपल्या मे महिन्यात घरातही ३० अंश मिळत नाहीत. घरी फ्रिज नसेल तर दोन मडक्यांचा उपाय करा. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडके, आत कोरड्या डब्यात इन्सुलिन, वर ओले फडके. कोरड्या उन्हाळ्यात हे छान काम करते. पावसाळ्यात हवा दमट असल्याने कमी.

इन्सुलिन शेजारच्या दुकानदाराच्या कूलरमध्ये ठेवणारे रुग्णही असतात. काहीच नसण्यापेक्षा ते बरे, पण तीन अटींवर. कपाट रात्री बंद होत नसावे, डबा मागच्या थंडगार भिंतीला चिकटलेला नसावा आणि त्यावर तुमचे नाव असावे. लसी मात्र घरच्या किंवा दुकानाच्या फ्रिजमध्ये ठेवू नयेत. पेंटाव्हॅलंट आणि धनुर्वातासारख्या लसी गोठल्या तर निकामी होतात, आणि ते बाहेरून सहज ओळखू येत नाही.

कधी दाखवायचे

बाहेरचे थंड काही खाल्ल्यावर उलट्या-जुलाब सुरू झाले तर सर्वांत आधी ओआरएस सुरू करा. लगेच अँटिबायोटिक नको. पण शौचातून रक्त, जोराचा ताप, सहा-आठ तास लघवी न होणे, मूल सुस्त पडणे किंवा डोळे खोल जाणे यांतले काहीही दिसले तर वाट न पाहता दवाखाना गाठा. लहान मूल, म्हातारी माणसे, गरोदर बाई आणि मधुमेही यांच्या बाबतीत तर आणखी लवकर. एकाच दुकानातला माल खाऊन दोन-तीन घरांत असे झाले असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. कुणाला त्रास द्यायचा म्हणून नाही. पुढची घरे वाचावीत म्हणून.

बोस्टनहून निघालेला बर्फ चार महिने समुद्रावर टिकला, कारण कुणीतरी तो भुशात नीट झाकला होता. आपल्या दुकानातले दूध गोदामापासून तुमच्या चुलीपर्यंत टिकायचे असेल, तर वाटेतल्या प्रत्येकाने ती काळजी घ्यावी लागते. त्या वाटेवरचे शेवटचे दोन हात दुकानदाराचे आणि तुमचे आहेत. पुढच्या वेळी दुकानात गेलात की त्या कपाटात थर्मामीटर आहे का, तेवढे विचारून पाहा. दोन-चार गिऱ्हाइकांनी विचारले की दुकानदार तो बसवतोच.